शाळा दोनपर्यंत

"सर, किती वाजले?"

केतकीनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी हातातल्या पुस्तकातून मानही वर केली नाही.

"साडेअकरा. आणि घड्याळ बघायचं काम माझं आहे. तुझं काम सातवं गणित."

"हो सर."

ती पुन्हा वहीवर वाकली. उजव्या हातात पेन्सिल आणि डावा हात पोटाशी. तो हात मला दिसत होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या काही लक्षातच आलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

आणखी एक सांगायला हवं. केतकी माझी मुलगी. ही शाळा म्हणजे कराडमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या घराची बाहेरची खोली. विद्यार्थिनी एक, शिक्षक एक. आणि त्या शाळेत मुलीनं बापाला 'सर' म्हणायचं, हा नियम बापानंच केलेला होता.

त्या आधी चौदा वर्षं मी गावातल्या एका शाळेत गणित शिकवत होतो. केतकी दुसऱ्याच शाळेत जायची. दुसरीत गेल्यापासून रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. दप्तर भरलं की दुखायचं, शाळेची वेळ टळली की थांबायचं. डॉक्टरांनी तपासलं, पोटावर टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "निकम सर, ही शाळेची पोटदुखी. यावर औषध नाही." तिच्या वर्गातल्या बाई उत्तर चुकलं की मुलांना बाकावर उभं करायच्या आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावायच्या, हे आम्हांला फार उशिरा कळलं. एका सकाळी ती दारातच दप्तरावर ओकली. त्या दिवशी शैला म्हणाली, "आता पुरे. घरी शिकवा तिला. तुम्हांला येतं ना शिकवायला?"

शैला, माझी बायको, एसटीत कंडक्टर होती. तिची नोकरी कायम होती, म्हणून सोडायची वेळ माझ्यावर आली. मी सोडली. माझा पगार गेला म्हणून शैलानं जादा ड्यूट्या घेतल्या, मुक्कामाच्या गाड्या मागून घेतल्या. आठवड्यातले तीन दिवस ती केतकीला झोपलेलीच बघायची. एकदा चपला काढता काढता म्हणाली, "दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना हाफ तिकीट फाडते, आणि माझी पोरगी किती उंच झाली ते मला परकराच्या दुमडीवरनं कळतंय." मी हसण्यावारी नेलं. ती हसली नव्हती.

पहिले दोन महिने अभ्यास काही झालाच नाही. केतकी मला अरे-तुरे करायची. यावरून शैलाच्या माहेरी नाकं मुरडली जायची, पण मला ते आवडायचं. तर मी पुस्तक उघडलं की ही मांडीवर येऊन बसायची. "ए बाबा, तू आधी गोष्ट सांग ना." बेरजेला सुरुवात केली की गळ्यात पडायची. चौदा वर्षं चाळीस-चाळीस पोरांचे वर्ग गप्प बसवणारा मी, या एका पोरीपुढे हात टेकले.

मग मला घड्याळाची कल्पना सुचली. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, काळ्या पट्ट्याचं. सकाळी नऊ वाजता मी ते डाव्या मनगटावर बांधायचो आणि सर व्हायचो. एक वाजता ते काढून फ्रिजवर ठेवलं की बाबा. सरांना 'तुम्ही' म्हणायचं, बाबाला 'तू'. सरांच्या मांडीवर बसायचं नाही, सरांना जेवायला काय ते विचारायचं नाही. घरातलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा मी स्वयंपाकघरात हलवलं, म्हणजे अभ्यासाच्या वेळी तिचं लक्ष तिकडे जायला नको.

केतकीला तो खेळ इतका आवडला की माझ्यापेक्षा तीच तो कडक पाळायला लागली. नऊ वाजता "हजर सर" म्हणून उभी राहायची. आणि एक वाजला, घड्याळ फ्रिजवर गेलं, की धावत येऊन बाबाकडे सरांच्या तक्रारी करायची.

"ए बाबा, आज सर किती ओरडले माहितीये?"

"हो? काय म्हणाले?"

"पाढे म्हणताना छताकडे बघू नकोस म्हणाले."

"फारच झालं. मी बोलतो त्यांच्याशी."

"पण त्यांना सांगू नको हां, मी सांगितलं म्हणून."

येईल त्या पाहुण्याला मी हे कौतुकानं ऐकवायचो. मला वाटायचं, मी काहीतरी शोध लावलाय.

त्या गुरुवारचं सांगत होतो. फेब्रुवारी होता. येत्या रविवारी शैलाचे थोरले भाऊ, विलासदादा, येणार होते. ते इस्लामपूरकडे हेडमास्तर. घरी शिकवण्याचं खूळ त्यांना मुळीच पसंत नव्हतं. दिवाळीत शैला आणि त्यांच्यात ठरलं होतं: दादा फेब्रुवारीत येऊन केतकीची परीक्षा घेतील. ती तिसरीच्या मुलांच्या बरोबरीची निघाली तर पुढे घरीच शिकेल. नाही निघाली तर जूनमध्ये शाळेत जाईल, मी नोकरी शोधीन आणि शैला जादा ड्यूट्या सोडेल. मला वाटत होतं की परीक्षा माझी आहे. दादांनी आधीच बजावलं होतं, "अपूर्णांक विचारणार बरं का, प्रतापराव." आणि केतकीचं घोडं नेमकं अपूर्णांकात अडलं होतं. बेरीज आली की ती वरचे आकडे वरच्यात आणि खालचे खालच्यात मिळवून मोकळी व्हायची.

पहाटे निघताना शैलानं दारातून सांगितलं होतं, "केतू रात्री नीट जेवली नाही. अंग जरा बघा तिचं." तिची गाडी कराड–चिपळूण होती.

मी हो म्हणालो आणि नऊ वाजता घड्याळ बांधलं.

दहाच्या सुमाराला केतकी म्हणाली, "सर, पोटात दुखतंय."

मी तिच्याकडे बघितलं आणि मला हसूच आलं. पोटदुखी! सात महिन्यांनी पुन्हा. अपूर्णांक आले आणि पोटदुखीही आली. आणि हसू विरल्यावर मला भीती वाटली, तीही सांगतो. ज्या दुखण्यापायी शाळा सोडवली, तेच दुखणं माझ्यापुढेही यायला लागलं असेल तर मी सगळं सोडून मिळवलं काय? दादांना हे कळलं तर? ती भीती मी रागात बदलून घेतली. तेवढं आम्हां मास्तरांना चांगलं जमतं.

"केतकी, ही जुनी पोटदुखी इथे चालणार नाही. इथे कोण तुला बाकावर उभं करतंय?"

"नाही सर. खरंच दुखतंय."

"दहा गणितं झाली की थांबेल."

ती पुन्हा वहीवर वाकली. साडेदहाला संडासला जाऊन आली. नंतर तिनं वेळ विचारायला सुरुवात केली. अकराला विचारली, सव्वाअकराला, साडेअकराला. बाराच्या पुढे तर दर पाच-सात मिनिटांनी. मला वाटलं, सुटका कधी होतेय ते मोजतेय. प्रत्येक वेळी माझा आवाज वर चढत गेला. तिच्या कपाळावर घाम आला होता, ओठ कोरडे दिसत होते. त्या कपाळाला हात लावून बघावा असं एकदा मनात आलं. पण सर मुलांच्या कपाळाला हात लावून बघत नसतात, आणि एकदा मी विरघळलो तर रविवारपर्यंत अपूर्णांक होणार नाहीत, हेही मनात आलं. मी उठून पंखा तेवढा मोठा केला.

"सर, एक वाजला का?"

मनगटावर बघितलं. एकला पाच कमी होते. वहीत सात गणितं झाली होती, त्यांतली चार चूक.

"वाजेल आता. पण आज शाळा दोनपर्यंत आहे."

तिनं मान वर केली. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, हट्ट नव्हता. एसटी डोळ्यांदेखत निघून गेली की स्टँडवरच्या माणसाचा चेहरा होतो, तसा काहीसा.

"दोन?"

"दोन. रविवारी मामा येणार आहेत. लिही."

"हो सर," ती म्हणाली. तिनं डोकं वहीवर टेकवलं आणि तशीच लिहीत राहिली. मी म्हणालो, "ताठ बस." ती ताठ बसली.

दीडच्या सुमाराला पेन्सिल खाली पडली. केतकी ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मी म्हणालो, "केतकी, नाटकं पुरे." ती ओकली. हिरवट पाणी होतं नुसतं. नंतर कुशीवर कलंडली आणि दोन्ही गुडघे पोटाशी घेतले. मी उचलायला हात लावला, तर तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

तिला उचलून रस्त्यावर आलो. पायात चप्पल होती की नव्हती ते आठवत नाही. रिक्षा थांबली ती मुल्लांच्या अन्वरची. अन्वर माझा जुना विद्यार्थी.

"सर, काय झालं पोरीला? बसा, बसा."

"पोट. ताप आहे. दवाखान्यात घे, स्टँडमागच्या."

अन्वरनं रिक्षा अशी काढली की दोनदा मी छताला आपटलो. आरशातून विचारत होता, "सर, कुठल्या वर्गातली हो पोरगी?" मी शाळा सोडल्याचं त्याच्या कानावर गेलंच नव्हतं. माझं लक्ष केतकीच्या श्वासाकडे होतं. मी म्हणालो, "तिसरीतली." ते खोटं नव्हतं.

दवाखान्यात अन्वर पुढे धावला आणि दारातूनच ओरडला, "सिस्टर, सरांनी आणलंय पोरीला! शाळेतली आहे, तिसरीतली!" त्यांनी तिला माझ्या हातातून घेतलं, खाटेवर ठेवलं. अन्वर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "घाबरू नका सर, पालकांना निरोप द्या," आणि स्टँडवरच्या भाड्यासाठी निघून गेला.

डॉक्टर घोरपडे तरुण होते. त्यांनी केतकीचं पोट दाबलं नाही, नुसती बोटं टेकवली आणि उचलली. बोटं उचलताना ती कळवळली.

"केव्हापासून दुखतंय?"

"सकाळी... दहापासून."

"दहापासून?" त्यांनी वर बघितलं. "आणि शाळेतून आत्ता आणताय?"

मी केतकीच्या कपाळावरचा घाम पुसला.

"अपेंडिक्स आहे. फुटलं असेल किंवा आत्ता फुटेल. ऑपरेशन लगेच करावं लागेल. सिस्टर, थिएटर लावायला सांगा, भूलवाल्यांना फोन करा. आणि पालकांची सही घ्या." ते वळले आणि मला म्हणाले, "पालकांना कळवलंत ना सर?"

"मीच तिचा बाप आहे."

डॉक्टर हात धुवायला निघून गेले होते. ते वाक्य ऐकायला फक्त सिस्टर होत्या. थोरात सिस्टर, पन्नाशीच्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या. त्या हातात कागद घेऊन माझ्याकडे नीट बघत राहिल्या.

"आत्ता तो रिक्षावाला म्हणाला, तुम्ही शाळेतले सर."

"हो, म्हणजे होतो. ही माझी मुलगी. घरी शिकते. मीच शिकवतो."

"घरी? म्हणजे शिकवणीला येते तुमच्याकडे?"

"नाही हो, माझीच मुलगी! आणा तो कागद."

कागद त्यांनी अंगाशी धरला. "सर, मुलगी लहान आहे, ऑपरेशन मोठं आहे. उद्या आईबाप आले आणि कुणी सही केली म्हणाले तर मी काय सांगू? तुमच्याकडे काही आहे का, कार्ड, कागद?" मी खिसे चाचपले. खिशात खडू होता. नुसता खडू.

त्या केतकीवर वाकल्या. "बाळा, नाव काय तुझं?"

"केतकी... प्रताप... निकम."

"शहाणी ती. आणि हे कोण गं?"

केतकीनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, जरा खाली बघितलं.

"सर," ती म्हणाली.

"आणि तुझे बाबा कुठायत?"

"बाबा एक वाजता येतात."

सिस्टरनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीच होत आले होते. मग माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मला जन्मात विसरता येणार नाही. त्या माझ्या आणि खाटेच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"केतू!" मी ओरडलो. "अगं सांग ना त्यांना, मी कोण आहे!"

"आवाज करू नका सर. मुलगी घाबरतेय. बाहेर थांबा."

"माझी बायको एसटीत आहे. फोन करा, आत्ता करा."

मी बाहेरच्या टेबलावरून डेपोला फोन लावला. कंट्रोलर म्हणाला, निकमबाईंची गाडी परतीची आहे, घाटात असेल, तिथे रेंज नाही, तासाभरानं कोयनानगरला आली की निरोप देतो. मी म्हणालो, मी त्यांचे मिस्टर, इथल्या सिस्टरना तेवढं सांगा. रिसीव्हर सिस्टरच्या हातात दिला. त्यांनी ऐकलं आणि ठेवला. "ते म्हणतात, निकमबाईंचे मिस्टर मास्तर आहेत खरं, पण फोनवर तेच बोलतायत का ते मी कसं सांगू." आज वाटतं, दोघांचंही काही चुकलं नाही. त्या वेळी मात्र मला त्या बाईला ढकलून आत जावंसं वाटत होतं. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "सही झाली का? वेळ नाहीये आपल्याला!"

सही करणारा मी इथे उभा होतो, पेन हातात होतं, आणि माझी स्वतःची पोरगी मला ओळख देत नव्हती. तापानं बडबडतेय, असं मी स्वतःला सांगितलं. पण तिनं नाव नीट सांगितलं होतं. मग बापाला का ओळखत नाही?

सिस्टर सलाइन लावायला वळल्या तेवढ्यात मी खाटेच्या दुसऱ्या बाजूनं गेलो. केतकीचा हात धरला. तिनं डोळे उघडले आणि त्याच लहानशा, अदबशीर आवाजात विचारलं:

"सर, किती वाजले? झाले का दोन?"

सवयीनं मी मनगटाकडे बघितलं.

काळा पट्टा तिथेच होता. नऊ वाजता बांधलेला. रस्ताभर, रिक्षात, दवाखान्यात मी तिला उचलून धरलं होतं ते याच हातानं. सकाळपासून ती जे विचारत होती ते मला तेव्हा कळलं. तिला सुटी नको होती. तिनं दुखणं सरांना सांगून बघितलं होतं, सरांचा विश्वास बसला नव्हता. आता ते तिला बाबाला सांगायचं होतं, आणि बाबा एक वाजता येतो. कळ सोसत ती तीन तास एक वाजायची वाट बघत होती. आणि एक वाजायला पाच मिनिटं असताना मी बाबाला आणखी एक तास लांब ढकलला होता.

पट्ट्याचं बक्कल मला सुटेना. ओढून तोडलं. घड्याळ खिडकीच्या कट्ट्यावर टाकलं आणि उघडं मनगट तिच्या डोळ्यांपुढे धरलं.

"केतू, शाळा सुटली. बघ. सुटली शाळा."

ती बघत राहिली. मग तिचा चेहरा एकदम पिळवटला आणि सकाळपासून जे रडली नव्हती ते रडायला लागली. अख्ख्या वॉर्डनं ऐकलं असेल.

"ए बाबा, तू कुठे होतास? मला किती दुखतंय! मी सरांना सांगितलं होतं रे, ते ऐकतच नाहीत. बाबा, तू कुठे होतास?"

सिस्टर तशाच उभ्या होत्या, हातात सुई. मग त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली, कागद माझ्यापुढे केला आणि बोटानं जागा दाखवली.

सही करणाऱ्याचं नाव. रुग्णाशी नातं. मी 'वडील' असं लिहिलं. चौदा वर्षं फळ्यावर लिहून कमावलेलं माझं अक्षर, पण तो शब्द कुणाला वाचता आला नसता.

अपेंडिक्स फुटलेलं होतं. ऑपरेशनला अडीच तास लागले. डॉक्टर बाहेर आले, मुलगी वाचेल म्हणाले आणि मग, मला दुखवायचं म्हणून नाही, सहज म्हणाले, "दुपारी एकच्या सुमाराला जरी आणली असती तरी बरंच सोपं गेलं असतं."

शैला सहाच्या सुमाराला आली. खाकी साडीत, तिकिटांची पेटी अजून खांद्याला. मी तिला सगळं सांगितलं. पंखा मोठा केला तेसुद्धा सांगितलं. तिनं आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. ती बराच वेळ काचेतून आत बघत राहिली.

"मी निघताना सांगून गेले होते," ती म्हणाली. "अंग बघा म्हणून."

"हो."

"तुम्ही बघितलं नाही."

"नाही."

"मला वाटायचं, मी नसले तरी बाप तर आहे घरात. त्या भरवशावर मी मुक्कामाच्या गाड्या घेत होते." आणि मग खाली बसून, पेटी मांडीवर घेऊन ती रडली.

थोरात सिस्टर घड्याळ घेऊन आल्या. "सर, तुमचं राहिलं होतं." माझा हात पुढे होईना. शैलानं ते घेतलं, पेटीत टाकलं, आणि पुन्हा मी ते कधी पाहिलं नाही. तिनं त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

केतकी अकरा दिवस दवाखान्यात होती. रविवारी विलासदादा आले. मी त्यांनाही काही लपवलं नाही. मला वाटलं, आता हे बोलतील, बोलायलाच हवं. ते टोपी हातात घेऊन खाटेजवळ बसून राहिले. जाताना जिन्यात एवढंच म्हणाले, "प्रतापराव, माझी दोन्ही मुलं माझ्याच शाळेत शिकली. घरीसुद्धा मला सर म्हणायची. थोरला अजून म्हणतो." मला तोवर ते माहीत नव्हतं.

मार्चमध्ये, टाके सुकल्यावर, आम्ही दोघांनी केतकीलाच विचारलं. घरी शिकायचं की शाळेत जायचं? घरी शिकलीस तर घड्याळ नाही, सर नाही, काही नाही, असं मी सांगितलं. तिनं नीट विचार केला.

"नव्या शाळेत सर वेगळे असतात ना?"

"हो."

"आणि तू घरी असशील?"

"असेन. शाळा सुटली की असेन."

"मग शाळेत जाते," ती म्हणाली.

घरी शिकवून मुलांना फुलवणारी माणसं मी नंतर पाहिली, आणि मला त्यांचा हेवा वाटला. आमच्याच घरात ते का जमलं नाही याचं उत्तर मला ठाऊक आहे, म्हणून मी ते कुणाला शिकवायला जात नाही. मी शिकवण्या सुरू केल्या, दुसऱ्यांच्या मुलांच्या. शैलानं मुक्कामाच्या गाड्या सोडल्या. पहिला महिनाभर केतकीच्या पोटात सकाळी दुखायचं. दुखलं की मी तिला घरी ठेवायचो, खरं की खोटं ते न विचारता. पुढे आपोआप थांबलं.

आता ती सत्तावीस वर्षांची आहे. पुण्यात असते, बांधकामाचे नकाशे काढते, अपूर्णांक माझ्यापेक्षा भराभर सोडवते. मला अजून अरे-तुरेच करते. तो गुरुवार तिला फारसा आठवत नाही. म्हणते, "ऑपरेशन झालं तेवढं आठवतंय रे बाबा, आणि सिस्टरचा चष्मा."

गेल्या दिवाळीत आली होती. शैला शेजारी गेली होती, आम्ही दोघंच चहा पीत बसलो होतो. नोकरी सोडायचं तिच्या मनात होतं आणि ते कसं सांगावं ते तिला कळत नव्हतं. दोनदा कप उचलला, दोनदा ठेवला.

"ए बाबा," ती शेवटी म्हणाली, "एक सांगायचं होतं."

आणि सांगण्याआधी तिनं माझ्या डाव्या मनगटाकडे बघितलं. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ती दर वेळी बघते. आपण तसं बघतो हे तिचं तिलाच माहीत नाही. अठरा वर्षं मी त्या मनगटाला काही बांधलेलं नाही. मी कप खाली ठेवला, बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात टेबलावर, तिच्यासमोर ठेवला.

"बोल," मी म्हणालो.